दिवाळीच्या आत सांगा

॥ श्री ॥
गुंद, ता. जोयडा
३ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. कमलआत्यास,
कविताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र बघून म्हणशील, हिचा फोन मोडला की काय. फोन धड आहे. पण इथे रेंज मिळते ती मोरीजवळच्या वळणावर, आणि तिथे उभं राहून ओरडल्याशिवाय तुला काही ऐकू जात नाही. मला जे विचारायचं आहे ते बसची वाट बघणाऱ्या पाच माणसांसमोर ओरडण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. अक्षर बिघडलं आहे, त्याबद्दल मागाहून बोल.

आधी चांगलं सांगते. भागूला खाली दोन दात आले. भाग्यलक्ष्मी हे भारदस्त नाव आता कुठे तिला शोभायला लागलंय. सासूबाईंचं बोट चावून झालं की खुदकन हसते. भात पिवळं पडत आलंय, प्रशांत रानडुकरांच्या पाळतीवर आहे.

आता माझं. बाळंतपणात वार पिशवीला चिकटली होती आणि तिचा तुकडा आतच राहिला, हे तुला ठाऊक आहे. आपोआप विरघळेल म्हणाले होते. सात महिने झाले, अजून तो तिथेच आहे आणि माझं अंगावरून जाणं थांबत नाही. रक्त सातवर आलंय. उंबऱ्यावर पाय ठेवला तरी धाप लागते. बेळगावच्या डॉक्टर मॅडम म्हणतात की पिशवी काढून टाकली तर प्रश्न मिटेल. न काढता थांबूनही बघता येईल, पण त्यात धोका आहे. काय ते दिवाळीच्या आत सांगा म्हणाल्या.

आत्या, मी एकतीस वर्षांची आहे. भागू एकटी राहील असं वाटतं आणि रडू येतं. प्रशांतला विचारलं तर तू म्हणशील तसं म्हणतो, आणि माझं डोकं फिरतं. तुला नाही विचारायचं तर कुणाला विचारू?

काकांना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझी,
कविता

खानापूर
९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. कविता हीस,
कमलआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर खरंच बिघडलं आहे. दोन रेघांमधलं अंतर बघून वाटलं भागूनेच लिहिलं की काय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते. नको. अंगणवाडीत मला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत किती बायका माझ्यासमोर तिशीत पिशवी काढून आल्या, त्यांची नावं घेत बसले तर पान पुरणार नाही. कुणाला पांढरं जात होतं, कुणाचं पोट दुखत होतं, कुणाला रोपलावणीत चार दिवस अडचण नको होती. आज चाळिशीत त्यांना जिन्याची पायरी चढवत नाही, अंगातून वाफा निघतात, हाडं ठणकतात. मी दारोदार जाऊन सांगत आले की बायांनो, घाई करू नका. आणि आता माझ्याच घरची पोर पहिली उठून निघाली, तर मी कुणाला तोंड दाखवू?

नाचणीची आंबील घे, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. शेतात वाकू नकोस. प्रशांतला म्हणावं डुकरं राखतोस तशी बायकोही राख. थोडं थांब, सगळं सुरळीत होईल. तुझी आई गिरजा असती तर तिनेही तुला हेच सांगितलं असतं.

भागूला गोड पापा. तुझ्या सासूबाई शांताबाईंना नमस्कार सांग. आहे तो जीव सांभाळ, आमची माया तुझ्या पाठीशी आहे.

तुझी,
आत्या

गुंद
१७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. थांबले. आंबीलही प्यायले. आणि रविवारी दुपारी चुलीपुढून उठताना एकदम इतकं रक्त गेलं की सासूबाईंचं जुनं लुगडं संपलं, मग प्रशांतची चादर संपली. प्रशांत मोरीवर धावला, ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती यायला दीड तास आणि मला घेऊन दवाखान्यात पोचायला आणखी दीड. वाटेत जंगलाच्या नाक्यावर गाडी थांबवून कागद बघितले तेव्हा प्रशांत त्या गार्डवर जो खेकसला, तसा मी त्याला कधी बघितला नव्हता. दोन बाटल्या रक्त दिलं. काल घरी आले. घाबरू नकोस, बसून लिहिते आहे.

मॅडमना तुझं सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आत्या बरोबर बोलतात, तशी पिशवी मीही काढणार नाही. पण हे दुखणं वेगळं आहे. बीजकोश ठेवणार आहेत, म्हणजे वाफा-बिफा आत्ताच सुरू होणार नाहीत. मी बेळगावात दवाखान्यामागे राहत असते तर अजून दोन महिने थांबा म्हणाल्या असत्या. गुंदहून तीन तास लागतात आणि रक्त तीन तास थांबत नाही.

इकडे सासूबाईंनी देवाला कौल लावला. पहिल्यांदा मूर्तीला चिकटवलेली पाकळी डावीकडून पडली, म्हणजे नको. ते त्यांना पटलं नाही. पुन्हा लावला, उजवीकडून पडली. मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा लावला, तर पाकळी पडेचना, आणि गुरव वैतागून जेवायला निघून गेला. घरी येऊन म्हणाल्या की देवाला बी ठरवता येत न्हाई, तर आता त्या डाक्टरणीचंच ऐकूया, मला नातू नको, सून हाय ती ऱ्हाऊ दे. मला वाटलं होतं त्याच अडवतील. अडवते आहेस तू.

एक विचारायचं आहे. मॅडमनी विचारलं, तुमची आई कशाने गेली? मी सांगितलं, तापाने, मी चार वर्षांची असताना. त्यांनी विचारलं की त्या वेळी त्या बाळंत होत्या का? मला सांगता आलं नाही. आत्या, आई कशाने गेली? आणि तिने मला काय सांगितलं असतं, हे तू इतक्या खात्रीने कशी लिहितेस?

उत्तर लवकर पाठव. लोभ कमी झालेला नाही, पण प्रश्न राहिला आहे.

कविता

खानापूर
२३ ऑक्टोबर २०२४

चि. कविता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन वेळा वाचलं आणि डब्यात ठेवून दिलं. काकांनी विचारलं काय लिहिलंय, तर सगळं ठीक म्हणाले. आता लिहायला बसले आहे, कारण फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तुझी आई तापाने गेली नाही. ती दुसऱ्यांदा बाळंत झाली होती. मुलगा होता, जन्मताच गेला. गिरजाचं रक्त थांबेना. मी तिच्यासोबत दवाखान्यात होते, तेवीस वर्षांची. दादा, म्हणजे तुझे बाबा, अणशीच्या पलीकडे रानात बांबूतोडीला गेलेले. दुपारी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, पिशवी काढावी लागेल, तुम्ही नणंद ना, सही करा. कागद माझ्या हातात दिला.

मी सही केली नाही. आपल्यात असल्या कागदावर बाईमाणूस सही करत नसे, पुरुष आल्यावर बघू म्हणायची रीत. पण नुसती रीत होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, मुलगा गेला, पदरात एकच पोर, आता पिशवीही गेली तर घरची माणसं दादाला दुसरी करायला लावतील आणि गिरजाला वाऱ्यावर सोडतील. मला तिचं भलं करायचं होतं ग. डॉक्टर तीनदा विचारायला आले. मी तिन्ही वेळा म्हटलं, भाऊ येऊ दे. दादा संध्याकाळच्या बसने आला. काही न विचारता अंगठा उठवला. तोवर उशीर झाला होता.

डॉक्टरांनी मला आधी विचारलं होतं, हे मी दादाला सांगितलं नाही. तो गेला तोवर सांगितलं नाही. गिरजा गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी अंगणवाडीत लागले आणि बायकांना पिशवी काढू नका म्हणत फिरू लागले. त्यात पुष्कळींचं भलंही झालं असेल. पण तुझं पत्र वाचल्यावर मला उमगलं की मी प्रत्येकीच्या दारात उभी राहून स्वतःलाच सांगत होते, कमल, तू चुकली नाहीस. तुलाही मी तेच लिहिलं. आणि त्या भरात मेलेल्या माणसाचं नाव वापरलं.

गिरजाने तुला काय सांगितलं असतं, मला ठाऊक नाही. मी तिला विचारलंच नव्हतं. ती शुद्धीवर होती.

डॉक्टरांचं ऐक. काढून टाक. माझ्यावर राग धरलास तर तो तुझा हक्क आहे.

आशीर्वाद द्यायचा मला अधिकार उरला असेल, तर तो आहे.

कमल

गुंद
३० ऑक्टोबर २०२४

ती. कमलआत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते वाचवलं नसतं तुला. चार दिवस मी तुझ्यावर रागावले. भागूला पाजताना रागावले, भात सडताना रागावले. सासूबाईंना काही सांगितलं नाही, प्रशांतला सांगितलं. तो कधी नव्हे ते आपणहून बोलला. म्हणाला की तेवीस वर्षांच्या पोरीच्या हातात असला कागद आला, तिला इचारायला तरी कोण होतं?

मी त्यावर विचार केला. माझी पहिली वेणी तू घातलीस. माझ्या शाळेसाठी तू स्वतःचं लग्न तीन वर्षं लांबवलंस, आणि मला वाटायचं माझ्या आत्याला नवरा पसंत पडत नाही. सही केली असतीस तर आई वाचली असती का, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. वाईट मला अजून वाटतं, ते लपवत नाही. आईला कुणी विचारलं नाही, याचं सगळ्यात जास्त वाटतं. पण तू मला हवी आहेस, हे त्याहून मोठं आहे.

मला मात्र सगळ्यांनी विचारलं. मॅडमनी, प्रशांतने, सासूबाईंनी, त्यांच्या देवाने. तेव्हा सांगते, मी काढून घेणार आहे. दुसरं मूल होणार नाही म्हणून परवा अंगणात बसून मोठ्याने रडले, सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्याही रडल्या. मग उठून आम्ही दोघींनी दिवाळीचे पोहे भाजले.

सोमवार, ११ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी भरती व्हायचं. संमतीचा कागद मॅडमनी आधीच घरी दिला आहे. पेशंटच्या नावापुढे मी सही करून टाकली. खाली नातेवाईकाची सही लागते. प्रशांत पेन घेऊन पुढे झाला, मी त्याला थांबवलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

आत्या, रविवारी बेळगावला ये. काकांचं जेवण कुणीही बघेल. ती सही तू करायची आहेस.

भागू मजेत. भेटीत बाकीचं. माया होती तशीच असू दे.

तुझीच,
कविता