विमल कोण, कौसा कोण

१२ जानेवारी १९८८
एस.टी. उशिरा, थैली पावणेअकराला. सोपानचं पत्र. किसनबा पोस्टात वाटच पाहून राह्यला होता, अंगाला मेंढराचा वास. त्याचा हा एकुलता पोरगा फौजेत. लग्नाला तीन वर्षं झाली, पण बायकोसंगं राह्यला तो फक्त सुट्टीत. लिहितो, पलटण सरहद्दीवरून खाली आली. आता दोन वर्षं शांत ठिकाणी. क्वार्टर मिळंल, बायकोला आणता येईल. सोबत फॉर्म. मीच भरला. पत्नीचे नाव: विमल. सरपंचाची सही, शिक्का. सून दाराआड उभी होती. हसू काही लपत नव्हतं.

किसनबा म्हणे, "मास्तर, हे छप्पन एपीओ लई मोठं शहर आसंल?" मागच्या दिवाळीत नव्या जालन्याच्या स्टेशनावर छप्पन एपीओचं तिकीट मागायला गेल्ता म्हणे. बाबूनं खिडकीतून हाकलून दिलं. सांगितलं त्याला, ते गाव न्हाई, फौजेच्या टपालाचा नंबर हाय. "मंग पोरगं हाय कुठं?" ते तर मलाबी माहीत न्हाई. पंधरा वर्षं शिक्के मारून राह्यलो, पण गाव न लिहिता पत्र बराबर कसं पोचतं, याचं आज पहिल्यांदा नवल वाटलं.

९ फेब्रुवारी
फॉर्म परत. वर इंग्रजी कागद. हायस्कूलच्या सरांकडून वाचून घेतला. म्हणे, आमच्या दप्तरात शिपाई सोपान किसन यांची पत्नी कौसाबाई. ही विमल कोण? कौसाबाई हयात आहे का? परवानगीविना दुसरं लग्न केलं का?

सोपानचं वेगळं पत्र. साहेबांसमोर उभा करून विचारलं त्याला. दुसरं लग्न निघालं तर नोकरी जाते.

किसनबा म्हणे, "कौसा? आमच्यात कोणी कौसा न्हाई." मी पण तेच म्हणालो. तेवढ्यात दाराआडून सून, "मीच की ती."

झालं असं. माहेरी ती कौसा. अक्षता पडल्या, सासरी नाव ठेवलं विमल. सोपाननं पलटणीत लग्नाची नोंद करायला तिचा चौथीचा दाखला नेल्ता, त्यावर कौसा. गावात सगळी विमलच म्हणतात. सासऱ्याला तर कौसा हे नाव आठवतबी नव्हतं. अन् मी फॉर्म भरताना तिला एक शब्द विचारला न्हाई. ती तीन हातांवर उभी होती. लाज वाटली मला.

१० फेब्रु.
किसनबाचा हट्ट, सगळ्यात वरच्याला लिहा. वरचा कोण? पोराचं नागरिकशास्त्राचं पुस्तक काढलं. सेनादलांचे सरसेनापती राष्ट्रपती. किसनबाला पटेना. "त्यो न्हाई. रक्षामंत्री. फौजेचा सरपंच त्योच ना?" लिहिला अर्ज. दोन्ही नावं एकाच बाईची. पत्ता: रक्षा मंत्रालय, नवी दिल्ली. गल्ली नंबर काहीच माहीत न्हाई. तिकीट लावताना पत्ता दोनदा वाचला, खोटं कशाला सांगू.

घरी रात्रीच्या जेवणाला बायकोला सहज विचारलं, तुझं माहेरचं नाव काय होतं गं? भाकरी थापायची थांबली. "बावीस वर्षांनी सुचलं व्हय?" सांगितलं न्हाईच.

१७ मार्च
टपालाच्या कामानं जालन्याला गेल्तो. जिल्हा सैनिक बोर्डातून बोलावणं होतंच. तिथं एक रिटायर सुभेदार बसतात, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. टेबलावर माझाच अर्ज! माझ्याच अक्षरातला. महिन्याभरात दिल्ली फिरून जालन्यात. त्यावर शिक्के नऊ. मी शिक्क्याचा माणूस, एकेक वाचत बसलो. मंत्रालय, मंग फौजेचं मुख्यालय, मंग पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस, असं करत उतरत उतरत इथं.

विचारलं, एवढे लोक काय करतात?
सुभेदार म्हणे, "मास्तर, मंत्रालय लढत न्हाई, मंत्रालय विचारतं. लढणारी फौज. तिला किती माणूस पाहिजे, कोणती तोफ घ्यायची, कुठं जमीन, कोणाला क्वार्टर, हे सगळं आधी कागदावर येतं."
"अन् कागद कोण करतं? मोठा जनरल?"
"सचिव. वर्दी न्हाई त्याला. शर्ट-पँट."
मला खरं वाटेना. एवढ्या बंदुकवाल्यांच्या वर बिनवर्दीचा माणूस? सुभेदार हसले. "म्हणून तर आपल्याकडं बंदूकवाला राज्य करत न्हाई. मंत्र्याला लोकांनी निवडून दिलं, म्हणून मंत्री वर. तिन्ही दलांचे प्रमुख त्याला सल्ला देतात, हुकूम निघतो सरकारचा."

म्हंजे किसनबा बराबर होता. मंत्री सरपंच, सचिव ग्रामसेवक. एस.टी.त जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढत आलो. राष्ट्रपती. रक्षामंत्री. सचिव. खाली तीन रेघा, भूदल, नौदल, हवाईदल. कारखाने अन् संशोधनाची खाती बाजूला (सुभेदारांनी सांगितली, नीट समजली न्हाईत). भूदलाच्या रेघेला खाली खाली नेत सोपान. सोपानच्या खाली जागा उरली. तिथं विमल लिहिलं. मंग कंसात कौसा.

२९ मार्च
आज चौकशी. चावडीत सुभेदार अन् तहसीलचा एक नवा कारकून. सरपंच, माहेरचा भाऊ, मी. भावानं शपथेवर सांगितलं, हीच माझी बहीण कौसा. सगळं सरळ चाललं होतं. मंग कारकुनानं तिला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"
ती गप.
परत विचारलं. पदर पुढं ओढला, मान खाली. कारकुनानं लिहायला सुरुवात केली, "सदर महिला पतीचे नाव सांगू शकली..." मी ताडकन उठलो. म्हणालो, अरे बाबा, नवऱ्याचं नाव घेत न्हाई म्हणूनच ती त्याची बायको हाय. नाव भडाभडा सांगणारीवर शंका घे. सगळे हसले, तो न्हाई. त्याचंबी बराबर. दिल्लीच्या कागदात रकाना हाय अन् रकान्यात तिच्या तोंडचं उत्तर पाहिजे. मंत्रालयापासून नऊ शिक्के खाली आले अन् सगळं तिच्या एका शब्दावर अडलं.

किसनबा खाली बघून म्हणाला, "घे पोरी. मी बाहीर जातो." गेला. मंग सुभेदार हळूच म्हणाले, "नुसतं घेऊ नका. उखाण्यात घ्या. त्याला चालतं."
तिनं पदर नीट केला. मंग,
"चिठ्ठीवर गाव न्हाई, नुसता आकडा छप्पन,
सोपानरावांचं नाव घेते, साहेब, लिहून घ्या पण."
कारकुनाचा पेन थांबला. मंग त्यानं उखाणा जसाच्या तसा उतरवला. खाली अंगठा न्हाई, सही. कौसा.

किसनबा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. सगळं ऐकलं असंल. डोळे पुसत होता.

१९ एप्रिल
सोपान लिहितो, क्वार्टर मे अखेरपर्यंत त्याच्या नावावर धरून ठेवलंय, मंग यादीतल्या पुढच्याला. शांत ठिकाणच्या दोन वर्षांतले तीन महिने असेच गेले. सुभेदारांनी कागद वर पाठवला म्हणे. मी नकाशावर बोटानं वर सरकत जातो. आज कुठं असंल? रेकॉर्डला? एवढ्या टेबलांवर कोणीतरी तो उखाणा वाचून राह्यलं असंल. इंग्रजीत कसा करतील तो?

२४ मे
आजबी न्हाई. ती रोज थैलीच्या टायमाला येते. आधी दाराआड असायची, आता खिडकीसमोर.

आज तिच्यासंगं पत्र्याची पेटी. "मास्तर, यावर नाव टाकून द्या. फौजेत पेटीवर नाव लागतं म्हणे." पांढरा रंग होता, ब्रश घेतला. सोपान किसन, मंग नंबर, मंग छप्पन एपीओ. थांबलो. या बारीला विचारलं. "तुझं कोणतं लिहू?"
"कौसा," ती म्हणाली. "ह्ये कौसाच म्हणत्यात मला. पत्रातबी."
ते नाव गावात फक्त तिला अन् त्याला माहीत होतं. आम्ही दिल्लीपर्यंत नेलं. लिहिलं. ओला रंग पुसू नये म्हणून पेटी दोन्ही हातांवर धरून गेली.

सात दिवस उरले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हणालो, आता तरी सांग, तुझं नाव काय होतं.
म्हणे, "दिल्लीहून चौकशी आली म्हंजे सांगीन."