सुगंधी मेणबत्ती, पेटीसकट

२८ एप्रिल, सकाळी ९.१०

आजपासून मी उद्योजक. कालपर्यंत मी फक्त गणितात छत्तीस मिळवलेली मुलगी होते.

ही वही कुणालाही दाखवायची नाही. यशाची गुपितं आहेत.

पार्श्वभूमी: बाबांनी क्लास ठरवलाय. १ जूनपासून, रोज सकाळी सहा वाजता. ते सर असे आहेत म्हणे की जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या तरी पोरं आपोआप पाढे म्हणायला लागतात. मी सांगितलं, मला क्लासची गरज नाही, मी ऑनलाइन दुकान काढणार आहे. हाताने बनवलेल्या सुगंधी मेणबत्त्या. बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, काढ.

सकाळी ११.३०

करार झाला. बाबा वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर आहेत, म्हणजे जगातल्या प्रत्येक तराजूत खोट आहे असं धरूनच ते घरातून निघतात. त्यांनी लिहून घेतलं: ३१ मेपर्यंत दहा अनोळखी गिऱ्हाइकांचे अभिप्राय, सरासरी चार स्टारच्या वर, तर क्लासमधून सूट. नातेवाईक, मैत्रिणी, शेजारी बाद. माझी सही, बाबांची सही, साक्षीदार आई. आई सही करताना हसत होती. का ते कळलं नाही.

दहाच? मला वाटलं होतं शंभर तरी मागतील.

१ मे

तीन दिवस लोगोवर काम. माल अजून बनवलेला नाही, पण ब्रँड आधी, माल नंतर. दुकानाचं नाव ‘तेजोवलय’. आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, अक्षर जरा डावीकडे कललंय. मी सांगितलं की ते मुद्दाम आहे. (नव्हतं. पण आता आहे.)

२ मे, दुपार

उत्पादन सुरू. मेण दुधाच्या पातेल्यात वितळवलं. रंगासाठी माझे लहानपणचे मेणखडू घातले, म्हणजे टाकाऊतून टिकाऊ. वात म्हणून शिवणाचा दोरा. सुगंधासाठी लवंगेचं तेल. आई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, त्यामुळे घरात लवंगेच्या तेलाची बाटली कायम असते.

बारा मेणबत्त्या झाल्या. रंग ठरवला होता जांभळा, आला चिखलासारखा. वेबसाइटवर ‘मातीचा अस्सल रंग’ असं लिहिलं.

२ मे, संध्याकाळ

चहावर मेणाची साय. बाबांनी विचारलं, कपात वात सोडू का. उद्योजकांच्या घरच्यांनी थोडा त्याग करायचा असतो, पण आमच्याकडे ती वृत्तीच नाही.

३ मे

पॅकिंगचा प्रश्न. बाजारातले खोके रद्दी वाटतात. आजोबा म्हणाले, मी करून देऊ का पेट्या?

आजोबांनी चाळीस वर्षं बुक-बाइंडिंग केलं. दुकान बंद झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवतात, आणि ते घरात दिसेल ते बांधून काढतात. विजेच्या बिलांचा तिसरा खंड परवाच झाला, पाठीवर सोनेरी अक्षरांसकट. बिचाऱ्यांना विरंगुळा मिळेल म्हणून मी हो म्हटलं. मन मोठं ठेवावं.

५ मे

आजोबांचा वेग म्हणजे कहर आहे. दोन दिवसांत एक पेटी! पुठ्ठा कापायचा, खळ लावायची, वर वजन ठेवून वाळवायचा, आतून आईच्या जुन्या ड्रेसचं कापड लावायचं, परत वाळवायचं. मी म्हटलं, आजोबा, आत मेणबत्ती जायची आहे, राजमुकुट नाही. ते म्हणाले, कोपरा चुकला की पेटी गेली. आणि आख्खा कोपरा उकलून परत केला.

पुढच्या महिन्यात त्यांच्याशी कामाच्या गतीबद्दल गंभीरपणे बोलायचं.

६ मे

पहिला अभिप्राय! पाच स्टार! “अप्रतिम सुगंध, घर दरवळलं!” मामीचा. पार्सल अजून माझ्या टेबलावर आहे. बाबांनी बाद केला. मामीला फोनवर सांगितलं की निदान वस्तू पोचेपर्यंत थांबत जा. तिला राग आला.

९ मे

पहिला खरा, अनोळखी अभिप्राय. दोन स्टार. जसाच्या तसा उतरवते:

“वास दातांच्या दवाखान्यासारखा. मेणबत्ती लावली आणि माझी दाढ ठणकायला लागली. पेटी मात्र सुरेख.”

काय लोक असतात! मेणबत्तीने दाढ दुखते का कधी? यांचं दुखणं आधीचंच असणार. मी उत्तर दिलं की आपण आधी दात दाखवून घ्यावेत. आईने वाचलं आणि ते उत्तर मलाच पुसायला लावलं. वर मला बसवून माफीनामा लिहून घेतला. मग त्या बाईंना स्वतः डॉक्टरांची वेळ मिळवून दिली. म्हणजे माझ्या दुकानामुळे धंदा झाला तो दवाखान्याचा.

१० मे

फॉर्म्युला बदलला. लवंग बंद, आता व्हॅनिला इसेन्स. गरम मेणात ओतल्याबरोबर पातेलं फुलबाजीसारखं तडतडलं. माझ्या उजव्या भुवईवर थोडं मेण. मेण काढताना निम्मी भुवईही निघून आली. मेणबत्ती पेटवल्यावरही तडतडते. वर्णनात घातलं: ‘मनाला शांत करणारा नैसर्गिक आवाज’.

१२ मे

दुसरा. तीन स्टार. “एका मिनिटात विझते. तीनही स्टार पेटीचे.”

विझते हा दोष कसा? विझते म्हणून संपत नाही. संपत नाही म्हणून वर्षानुवर्षं पुरते. वर्णनात ‘दीर्घायुषी’ हा शब्द वाढवला.

आई म्हणाली की अगं, खडूच्या रंगाने वात गुदमरत असेल, दोराही बारीक आहे. मी म्हटलं, लोक जळतात माझ्यावर. ती म्हणाली, लोक जळतात, मेणबत्तीच तेवढी जळत नाही. साक्षीदाराने तटस्थ राहावं.

सरासरी: अडीच. काळजीचं कारण नाही. थोडंसं आहे.

१३ मे

आजोबा संध्याकाळी येऊन विचारत होते, पेटीबद्दल कुणी काही बोललं का गं. मी म्हटलं, नाही, विशेष काही नाही. उगाच कौतुक कानावर गेलं तर आणखी हळू काम करतील. व्यवस्थापनाचा निर्णय आहे.

१५ मे

पाच स्टार! अनोळखी! एक घड्याळ दुरुस्तीवाले आहेत. “पेटी उत्तम. बारीक स्क्रू ठेवायला इतकी चांगली जागा आजवर मिळाली नव्हती. झाकण ठेवलं की आतली हवा सोडत स्वतःच हळूहळू खाली बसतं. मी अकरा वेळा करून बघितलं.”

मेणबत्तीबद्दल लिहायचं राहून गेलं असावं. कामाची माणसं, वेळ कुठे असतो त्यांना.

१९ मे

घड्याळवाल्यांनी त्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला (पेटीचा, मेणबत्ती फोटोत मावली नसेल). ऑर्डरी धडाधड. आजोबा आता एकदम पाच-पाच पेट्या वाळत घालतात. अभिप्राय आणखी तीन: चार, पाच, पाच. सरासरी बरोबर चार! चारच्या वर पाहिजे, चार नाही, असं बाबांनी कराराकडे बोट दाखवून सांगितलं. इतका काटेकोर माणूस तराजूवाल्यांना कसा सहन होतो देव जाणे.

क्लासच्या सरांचा फोन आला होता. पहिल्या बाकावर जागा ठेवू का, विचारत होते. बाबा म्हणाले, ३१ तारखेनंतर सांगतो. मी मागून हातवारे करत होते, ठेवू नका, ठेवू नका.

२१ मे

एका गायनाच्या बाईंचा मेसेज. सहा नग हवेत. खाली एक ओळ: “मेणबत्ती नाही घातली तरी चालेल.”

विचार केला. काही गिऱ्हाइकांना साधेपणाच आवडतो. मेणबत्तीची कल्पनाच त्यांना पुरते. मी तरी घातल्या. तत्त्व आहे.

२४ मे

गायनाच्या बाई: पाच स्टार. “पेट्या अप्रतिम. सोबत आलेली चिखलाची वस्तू काय आहे?”

एका आजींचे चार स्टार. “नातवाने पेटीत भुंगा ठेवलाय, सुखात आहे. एक स्टार कापला कारण मेणबत्तीच्या वासाने भुंगा बेशुद्ध पडला होता.”

भुंगा बरा आहे ना, असं विचारून घेतलं. बरा आहे.

२६ मे

आजोबांचं काहीतरी बिनसलंय. आज पाच तयार पेट्या परत उकलल्या. म्हणाले, लोक काहीच बोलत नाहीत म्हणजे कोपरे बसत नसणार, पूर्वीसारखा हात राहिला नाही माझा. दुपारी झोपले नाहीत. जेवतानाही बोटं टेबलाच्या कडेवर कोपरा दुमडत होती. मी म्हटलं, आजोबा, छान आहेत हो. ते म्हणाले, तू घरची, तू म्हणणारच.

सांगावंसं वाटलं. पण पाचच दिवस उरलेत. आणि सांगायचं म्हणजे वाचून दाखवावं लागेल, आणि वाचून दाखवायचं म्हणजे सगळंच वाचावं लागेल. ३१ नंतर सांगीन. नक्की.

२९ मे

नववा. पाच. “मेणबत्ती शेजाऱ्यांना दिली, आता बोलत नाहीत. पेटी मी मरेपर्यंत कुणाला देणार नाही.”

इतकं प्रेम मिळवणारा ब्रँड आमच्या गल्लीत दुसरा नाही.

३१ मे, संध्याकाळी ७.४५

दहावा आला. पाच स्टार! सरासरी चार पूर्णांक तीन दशांश. तीनदा काढली, तिन्ही वेळा तेवढीच आली. माझ्या आयुष्यात हे प्रथमच. बाबांनी स्वतः हिशोब करून बघितला, बरोबर निघाला, आणि चक्क शाब्बास म्हणाले. मी हॉलमध्ये एक गिरकी घेतली आणि कपाटावर आपटले.

मग बाबा म्हणाले, आता मालाची तपासणी. त्यांच्या खात्यात म्हणे नुसता आकडा चालत नाही. पाकिटावर लिहिलंय तेच आत आहे का, ते बघतात. त्यांनी माझा फोन घेतला आणि सगळे अभिप्राय मोठ्याने वाचायला लागले. मी म्हटलं, द्या, मी वाचते. म्हणाले, बस खाली.

दहाच्या दहा वाचले. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

आजोबा खिडकीशी पुठ्ठ्याला खळ लावत होते. दुसऱ्या अभिप्रायाला ब्रश थांबला. तिसऱ्याला ते खुर्चीत बसले. गायनाच्या बाईंचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि आईला पंखा बंद करायला सांगितला, ऐकू येत नाही म्हणून. सगळं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, तू तर म्हणाली होतीस, कुणी काही बोललं नाही.

मी म्हटलं, विसरले.

बाबा म्हणाले, दहा वेळा?

मला इतकी लाज वाटली की कान भाजल्यासारखे झाले. आजोबा ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावलेच नाहीत. एवढंच म्हणाले, ते झाकणाचं परत एकदा वाच. मी वाचलं. मग म्हणाले, अकरा वेळा करून बघितलं ना त्याने? परत वाच. मी परत वाचलं. मी आजोबांची माफी मागितली. खरी. आईने सांगायच्या आधी.

पण सरासरी ती सरासरी! करार तो करार! बाबा म्हणाले, निकाल लेखी देतो, सकाळी बघ. गजर लावलेला नाही. उद्या दहापर्यंत झोपणार.

१ जून, सकाळी ५.२०

निकाल कराराच्या मागच्या बाजूला लिहिलाय, खाली आईची साक्षीदार म्हणून सही. उतरवून घेते:

“सरासरी खरी. मुदतीत. स्टार पेटीला मिळालेले आहेत. पेटी आजोबांनी केलेली आहे. सबब क्लासमधून सूट मंजूर करण्यात येत आहे, आजोबांना.”

मी म्हटलं, बाबा, आजोबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना गणिताच्या क्लासला कोण घालणार होतं! बाबा दाढी करता करता म्हणाले, आता कुणी म्हटलं तरी घालता येणार नाही.

मला उठवायला आजोबाच आले होते. अंघोळ करून, केस विंचरून, खिशात तो कागद घडी करून. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, ऊठ बाळा, तुला उशीर होईल. माझं काय, मला सूट आहे.