कविता म्हणा, काका

साहेब,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठे ते मला कळत नाही, तरी लिहितो. तुमच्यामागे आपल्या कंपनीची श्रवणयंत्रं बिघडली, असं मी वर्षभर भेटेल त्याला सांगत होतो. खरं म्हणजे ती बिघडावीत असंच मला वाटत होतं. तुमच्यावाचून सगळं सुरळीत चालावं, हे मनाला पटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात माझंच नवं यंत्र खरखरू लागलं. मी तावातावाने कारखान्यात गेलो. तुमच्या खुर्चीत तुमची लेक होती. तिने यंत्र स्वतःच्या कानाला लावलं आणि माझ्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाशी येऊन म्हणाली, "कविता म्हणा, काका."

मी गहिवरलो. माल बाहेर जाण्याआधी मी शाळेतल्या कविता म्हणायच्या आणि तुम्ही एकेक यंत्र लावून डोळे मिटून ऐकायचं, ही आपली रीत तिला ठाऊक होती.

चार ओळी झाल्या. "खरखर आहे," ती म्हणाली. "संगणकाने पास केलं होतं. ही सगळी खेप थांबवते."

"सगळी?"

"बाबांनी जाऊ दिली असती?"

"छे, मुळीच नाही."

एकदा घाईत तुम्ही तशी खेप जाऊ दिली होती, साहेब. ते मी तिला सांगितलं नाही, सांगणारही नाही.

सोमवारपासून मी पुन्हा रोज कविता म्हणायला जातो. ती तुमच्यापेक्षा बारकाईने ऐकते. अशी लेक मागे ठेवलीत, हे तुमचे उपकार.

अजून सगळी कडवी पाठ असलेला,
तुमचा कविराज