ताईच्या पोटावरची कड

३ मार्च, मंगळवार

मागे लिहिलंय ते चूक आहे. आधी ते दुरुस्त करते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी इथे लिहिलंय — ‘ताई चोरून खाते, नाहीतर पोट वाढेल कसं?’ ते पान फाडणार नाही. पण ते खरं नाही. ताई चोरून खात नाही. ताई खातच नाही.

आज संध्याकाळी कळलं. ती बेकरीतून आली, एप्रनची गाठ सुटेना, मी सोडायला गेले. माझा हात तिच्या पोटाला लागला. बेंबीच्या खाली — टणक! सुटलेलं पोट असं लागत नाही. ‘थांब जरा,’ म्हटलं आणि तिचा टॉप वर केला.

‘अगं, दार तरी लाव!’

आडवा, लांबट उंचवटा. वरची कड सरळ, दोन्ही टोकं वळलेली. हा आकार माझ्या ओळखीचा आहे. रोज तो माझ्या हातात असतो, रोज मी तो पुसून खोक्यात ठेवते. आमच्या क्लिनिकमधल्या मशीनच्या कपाचा आकार आहे तो.

खाऊन वाढलेल्या पोटाला कड नसते.

‘काय बघतेस एवढं?’ ताई म्हणाली. काही नाही म्हटलं. गाठ सुटली, म्हटलं.

४ मार्च, बुधवार

नोव्हेंबरातला तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून बघते आहे. ताई बाकी काटकुळी, पण बाळंतपणानंतर पुढे तेवढा एक टायर राहून गेला. चालून जाईना, उपाशी राहून जाईना. आमच्या क्लिनिकच्या पाटीवर लिहिलंय — ‘सुरी नाही, टाके नाही, सुट्टी नाही.’ ताईला सुरीची भारी भीती. मीच म्हटलं, ये, थंडी देऊन चरबी कमी करतात, मीच करते.

जेलचा रुमाल नीट पसरला होता का? होता. सुरकुती? नव्हती. कप लावला, मशीननं पोट आत ओढलं, तशी ताई ओरडली — ‘अगं, दूध काढायच्या मशीनला लावलंस की काय मला!’ किती थंडी, किती वेळ, ते मशीनच ठरवतं. मी शेजारीच बसून होते. कप काढला तेव्हा पोट लोण्याच्या विटेसारखं झालेलं, लाल आणि गार. ते मीच मळलं, मऊ होईपर्यंत. मळताना काही कमी-जास्त झालं का? नाही ना?

धोके मी आधी वाचून दाखवले होते. घरची म्हणून गाळले नाहीत. सूज येईल, बधिर वाटेल, काळंनिळं पडेल. आणि सगळ्यात शेवटी — क्वचित एखाद्याची चरबी कमी व्हायच्या ऐवजी तिथेच वाढते, घट्ट होते. ताई हसत होती. ‘पुढे, पुढे! तू आहेस ना तिथं? मग झालं.’ आणि सही केली, चित्र काढल्यासारखी, जीभ बाहेर काढून. तिची शाळा चौथीतच सुटली. आमच्या घरात तिच्यापुढे शिकलेली मी एकटीच. मी बोलले की घरातल्यांना ते छापून आल्यासारखं वाटतं.

त्याचीच भीती वाटते.

५ मार्च, गुरुवार

मॅडमना सांगितलं. त्या मालकीण; त्यांना सांगणं भागच होतं.

‘वजन केलंस का?’

‘केलं. कमी झालंय, मॅडम.’

‘मग?’

‘पण तिथेच वाढलंय. आकार आपल्या कपासारखा आहे.’

‘सूज असेल. नाहीतर खाणं. बायका आपल्याला सांगतात एक आणि घरी जाऊन खातात एक. तुला नवीन आहे का हे?’ मग मऊ आवाजात — ‘पुन्हा एक सिटिंग देऊ. फुकट. तुझी बहीण ती माझी बहीण.’

मॅडम वाईट नाहीत. मला काही येत नव्हतं तेव्हा त्यांनी ठेवून घेतलं, शिकवलं. म्हणूनच जास्त जड जातं.

काउंटरवरची मुलगी — आम्ही तिला रेडिओ म्हणतो, बंद होत नाही म्हणून — जेवताना म्हणाली, ‘त्या मशीनबद्दल मॅडमपाशी वाकडं बोलू नकोस हं. पोटच्या पोरीसारखं आहे त्यांना ते. आम्हाला कधी विचारत नाहीत जेवलीस का, त्याला रोज पुसून झाकून झोपवतात!’

हसले. अर्धा डबा मात्र तसाच बंद केला.

८ मार्च, रविवार

आज सगळे घरी. मी ताईकडेच राहते, तेव्हा जेवण एकत्रच. ताईच्या ताटात काकडीच्या चकत्या. बाकी ताट कोरडं.

भाऊजी म्हणाले, ‘मेहुणीबाई, तुमचं मशीन उलटं फिरवलंत का? हिचं पोट पुढे चाललंय, ही मागे राहिली!’

सगळे हसले. ताईसुद्धा. सगळ्यात मोठ्यांदा तीच.

‘ती काही खात नाही हो, भाऊजी.’

‘मग काय हवेवर फुगते?’

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खात्री नव्हती. त्वचेचे डॉक्टर बुधवारी क्लिनिकमध्ये येतात, त्यांनी बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलंय. ताईला घाबरवून सोडायचं आणि मग ती साधी सूज निघायची — तसं नको. हे शहाणपण आहे की भित्रेपणा? दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजू पटतात!

१० मार्च, मंगळवार

ताईला कामावर चक्कर आली. हातातला पावांचा ट्रे खाली. बेकरीचा मालक म्हणे, ‘बेकरीत राहून उपाशी मरणारी तू पहिलीच!’ — हे तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं.

११ मार्च, बुधवार

सिटिंगच्या आधीची तपासणी आहे असं सांगून ताईला बोलावलं. डॉक्टरांनी बोटांनी दाबून बघितलं. कडेकडेनं बोट फिरवलं. दुखतं का? नाही. कधी केलं? ताई माझ्याकडे बघायला लागली, मी महिना सांगितला. त्यांनी हात धुतले. ताई पडद्याआड कपडे नीट करायला गेली तेव्हा मला खिडकीशी बोलावलं.

‘हे तेच आहे. हजारोंत एखाद्याला होतं.’

‘माझं काही चुकलं?’

‘नाही. तुझ्या जागी कोणीही असतं तरी झालं असतं. का होतं, ते नीट कळलेलं नाही अजून.’

‘उपाशी राहून जाईल?’

‘बाकीची सगळी सुकेल, हे तसंच राहील. आधी तिला जेवायला सांग.’

‘मॅडम पुन्हा सिटिंग म्हणतात.’

‘लावू नकोस.’ इतक्या झटकन म्हणाले की मी दचकले. ‘वाढू शकतं. हे सर्जनकडून काढून घ्यावं लागतं. लगेच नाही — थोडं मऊ पडू दे. पण दाखवून ठेवा आत्ताच.’

सुरी! ज्या सुरीला घाबरून ती माझ्याकडे आली, तीच.

मॅडमशी बोलतो म्हणाले. बोलतीलही. पण ते आठवड्यातून एकदा येणार, आणि मशीन रोज इथेच आहे.

बाहेर ताई बाकाच्या टोकावर बसली होती, शाळेत उशीर झालेल्या मुलीसारखी. माझा हात धरला. ‘डॉक्टर रागावले का गं? खरं सांगू — परवा मी दोन बिस्किटं खाल्ली. मोडकी होती, विकायची नव्हती. तुझं नाव घालवलं मी.’

आणि मी तरीही बोलले नाही! रेडिओ कान देऊन उभी होती, बेकरीची वेळ झाली होती, ताई घाईत निघाली — कारणं खरी आहेत. पुरेशी नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं.

बेकरी बंद होताना गेले. मागच्या खोलीत ती ट्रे पुसत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, न थांबता, कारण थांबले असते तर गिळून टाकलं असतं. पोटाची चरबी थंडीनं उलटी वाढली आहे. तुझ्या खाण्याचा काही संबंध नाही. दुसरं सिटिंग घ्यायचं नाही. ऑपरेशन लागेल.

ताई पुसायची थांबली.

‘म्हणजे मी खाल्लं म्हणून नाही?’

‘नाही, ताई.’

‘बिस्किटांनी नाही?’

‘नाही गं.’

‘मग मी इतके दिवस उपाशी कशाला राहिले?’

तिनं ट्रेमधला पाव उचलला आणि उभ्यानं खाल्ला. माझ्याकडे बघत. मग दुसरा. चावताना डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा हलत नव्हता. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दिवे मालवले, कुलूप लावलं, घरी आलो.

१३ मार्च, शुक्रवार

बोलत नाही. मी समोर बसलेली, आणि ही भाऊजींना सांगते — ‘तिला म्हणावं, दूध संपलंय.’ भाऊजींनी वळून मला सांगितलं, ‘दूध संपलंय.’ मी म्हटलं, आणते. भाऊजी तिच्याकडे वळले — ‘आणते म्हणतेय.’

पण जेवली. भात दोनदा घेतला. चोरून मोजला नाही, दिसला.

१५ मार्च, रविवार

ताईनं भाऊजींना सांगितलेलं दिसतंय. दुपारी ते केक घेऊन आले. मोठा, वर गुलाब काढलेला. आणला कुठून? तिच्याच बेकरीतून! आज तिची सुट्टी नव्हती. तिनंच तो काउंटरवरून बांधून दिला, सुटे परत दिले आणि विचारलं, ‘कोणाचा वाढदिवस?’

‘कोणाचा नाही. माझी जीभ सैल आहे म्हणून,’ भाऊजी म्हणाले म्हणे.

मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, ‘मी आपला थट्टा करायचो गं. मला काय माहीत.’ मलाही माहीत नव्हतं, असं म्हणणार होते. पण मला माहीत असायला हवं होतं, तेच माझं काम. म्हणाले नाही.

ताईनं केकचा एक तुकडा ताटलीत घालून माझ्या खोलीत ठेवला. ठेवला आणि गेली. बघितलंसुद्धा नाही. ती रागावली असेल तर ताटली कशाला? आणि नसेल तर बोलत का नाही? केक खाल्ला नाही, मग फुकट जाईल म्हणून खाल्ला.

१७ मार्च, मंगळवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टर फोनवर बोललेत त्यांच्याशी.

‘डॉक्टर लोकांना सगळीकडे आजारच दिसतो. इतक्या जणींना केलं आपण, एकीला तरी झालं का? बहिणीचं सिटिंग सोमवारी अकराला ठेवलंय. तू लावतेस का दुसरीला सांगू?’

‘ताई येणार नाही, मॅडम. मी तिला सगळं सांगितलंय.’

मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्या हसल्या.

‘बघू,’ म्हणाल्या.

घरी येईपर्यंत तो ‘बघू’ डोक्यात. काय बघू?

१८ मार्च, बुधवार

मॅडम दुपारी तासभर नव्हत्या. येताना हातात पावाची पिशवी. मॅडम तर पाव खात नाहीत, दुसऱ्यांनाही खाऊ देत नाहीत! रेडिओ म्हणाली, ‘शेवटी पोट सगळ्यांनाच असतं.’

पाव कुठूनही घेता येतो. उगाच घाबरू नये.

डॉक्टर आज आले नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

सर्जनच्या दवाखान्यात फोन केला. सोमवारी सकाळी या म्हणाले, नंबर लावायची गरज नाही. ताईला सांगायचं तर ती बोलत नाही, म्हणून भाऊजींना सांगितलं, त्यांनी तिला सांगितलं. ती ‘हं’ म्हणाली. हं म्हणजे काय ते भाऊजींनाही कळलं नाही.

२१ मार्च, शनिवार

ताई बोलली. केस विंचरता विंचरता, आरशात बघत — ‘सोमवारी मी सर्जनकडे येत नाही. अकराला मशीनवर येते.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

बुधवारी मॅडम बेकरीत गेल्या होत्या. पाव बांधून होईपर्यंत गोड बोलल्या. मग म्हणाल्या, सर्जनकडे गेलात की तो विचारणार कोणी केलं. मशीनवर हात कोणाचा होता? तुझ्या बहिणीचाच ना? पोरीला पुन्हा कुठे कोणी उभं करणार नाही. एक सिटिंग घे, घरातल्या घरात मिटेल.

‘एवढंच ना?’ ताई म्हणाली. ‘झोपून तर राहायचं. वाढलं तर वाढेल, नाहीतरी कापायचंच आहे. माझं काय, मी पाव विकते, पोट काउंटरच्या मागे असतं. आपल्यात शिकलेली तू एकच आहेस, छोटे.’

म्हणजे निदान बुधवारपासून तरी ती रागावली नव्हती. घाबरली होती. माझ्यासाठी!

मशीनवर हात माझा होता. हे मी स्वतःच मॅडमना लिहून देणार आणि सर्जनलाही सांगणार — दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी. मग ताईला मशीनवर झोपायला काही कारणच उरणार नाही.

सोमवार, २३ मार्च. सकाळी नऊला सर्जनकडे, ताईला घेऊन.