नागाला हात न लावता

प्रिय आत्याबाई,

आज भावाचा उपवास आणि उद्या पंचमी. सकाळपासून पोटात नुसता चहा आणि वाटीभर साबुदाणा, त्यामुळे डोकं जरा तिरकं चालतंय. काही जास्तीचं लिहिलं गेलं तर रागवायचं नाही. तसं तुम्ही होता तेव्हा तरी मी कुठे मोजूनमापून बोलायचे? लग्नानंतरचे पहिले काही महिने सोडा, तेव्हा तर मी तोंडच उघडत नव्हते.

लिहायला बसले त्याचं कारण रेखा. तुमची भाची, सोनईच्या मामांची मुलगी. यंदाच्या उन्हाळ्यात ती संतोष भाऊजींची बायको होऊन या घरात आली. तुम्हाला ती थोरली सून म्हणून हवी होती, ती आली धाकटी होऊन, आणि तीही तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर! तुम्ही जरा थांबायला हवं होतं, आत्याबाई. एवढी कसली घाई होती?

उद्या तिची पहिली पंचमी आहे आणि तिला न्यायला कोणी येणार नाही. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मामी त्यांच्यापाशी नगरला, सोनईच्या घराला कुलूप. मामा बरे आहेत, काळजी नसावी. पण पोरगी मघापासून मागच्या पायरीवर बसून आहे आणि मेंदीचा कोन पुडीतून बाहेरसुद्धा काढलेला नाही. मी दोनदा चहाचं विचारलं. "नको, ताई," म्हणाली. या घरात आल्यापासून आमचं बोलणं साधारण एवढंच. मी तिच्या जागेवर बसले आहे असं तिला वाटतं, की तिला तसं वाटत असेल असं मलाच वाटतं, देव जाणे. पण हे असंच राहिलं तर आम्ही दोघी एका चुलीवर जन्मभर परक्यासारख्या वावरणार, आणि ते मला नको आहे.

म्हणून तुमच्या पोराची आठवण झाली. पोटच्या नव्हे हो, टीव्हीतल्या!

मला इथे बेलापुरात येऊन पहिला उन्हाळा सरला होता. तुम्ही मला ना कधी टाकून बोललात, ना कधी जवळ बसवलंत. लग्नातच कुणाला तरी म्हणाला होता, "माझ्या भावाची पोर हुती की घरची." ते मी मुंडावळ्यांच्या आडून ऐकलं होतं. मग मी कशाला बोलू? मी भाजी करायची, तुम्ही खायची, बरी झाली की वाईट ते ताटावरून ओळखायचं. ही तक्रार माझी अजून आहे. एकदा तरी बरी झाली म्हणायचं होतं!

सुट्टी संपवून संतोष भाऊजी नगरला कॉलेजला गेले आणि त्यांचा तो टीव्ही गेमचा डबा इथेच राहिला. दुसऱ्या दिवशी मी टीव्ही पुसत होते तर तुम्ही मागून म्हणालात, "तेवढं ते पोरगं लाव." मला कळेना कोणतं पोरगं. मग समजलं, भाऊजी सुट्टीभर जो तलवारवाला राजपुत्र नाचवत बसायचे तो. तुम्ही गहू निवडता निवडता त्यालाच बघत असायचा. पोटचं पोरगं गेलं नगरला, तर तुम्हाला निदान हे तरी डोळ्यांपुढे हवं होतं.

तुम्ही खेळाच्या कॅसेटला भाऊजींसारखी फुंकर मारून दिलीत, मी लावला, पण मला खेळता कुठे येत होतं? तुम्हाला सगळ्या वाटा पाठ, पण तुमच्या उजव्या हाताचा अंगठा कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला, तुम्हाला बटणं दाबता येईनात. शेवटी एकाच रिमोटला दोघी लागलो. डावीकडचे बाण तुमच्याकडे, उजवीकडची उडी आणि तलवार माझ्याकडे. रिमोटची वायर केवढीशी, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागायचं. तोपर्यंत मी तुमच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते.

आणि काय ते खेळणं आपलं! मला दणादण तलवार चालवायची घाई आणि तुम्हाला पळायची. राक्षस दिसला की तुम्ही पोराला उलट्या दिशेने पळवायचा, मी मागे वाऱ्यावर तलवार मारत राहायचे. पोरगं मरायचं. पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. लाइट गेली तरी पहिल्या दारापासूनच, कारण त्या खेळाला मागचं काही आठवायचं नाही.

पहिल्या दाराशी रानडुक्कर होतं. ते अंगावर आलं की तुम्ही पळायचा आणि ते मागून धडक द्यायचं. मग एकदा पळायला जागाच उरली नाही, पोरगं भिंतीला टेकलं, घाबरून मी उडी दाबली आणि डुक्कर भिंतीवर आपटून चक्कर येऊन पडलं. तेव्हा कुठे ते मेलं. त्यानंतर तुम्ही दर वेळी मुद्दाम भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायला लागलात आणि म्हणायचा, "येऊ दे, येऊ दे, आता उड."

दुसऱ्या दाराशी त्या दोन चेटकिणी. एकीला मारलं की दुसरी तिला फुंकर मारून उठवायची. तुम्ही त्यांना जावा म्हणायचा. आठवतंय का? दोघींना एका जागी गोळा केल्याशिवाय काही खरं नाही, हे तुम्हीच काढलंत. पोराला मधोमध नुसतं उभं करायचा, दोघी भांडायला आल्यासारख्या दोन्हीकडून यायच्या, आणि तुम्ही बाजूला सरलात की मी एकाच वारात दोघींना उडवायचे. मी तुमच्यापुढे पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत, मला वाटलं आता काहीतरी बोलणार. तुम्ही रिमोट न सोडता पोराला पुढच्या दाराकडे पळवलंत.

तिसरा तो दगडाचा माणूस. कुठेही मारा, तलवार खण्ण वाजून परत यायची. धोंडा फेकायच्या आधी तो तोंड उघडायचा, तेवढ्यातच मारलं तर लागायचं. हे आपल्याला कळायला आखाड अर्धा संपला. तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघतच म्हणाला होता, "तोंड उघडल्याबिगर कुनाचं काय कळत न्हाई." मला म्हणालात की त्याला, हे मी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी मी तुम्हाला माझ्या गावाकडच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही ऐकल्यात.

शेवटच्या दाराशी नाग होता. पडदाभर फणे आणि कपाळावर चमकणारा मणी. त्याचं मात्र काही केल्या जमेना. कुठल्याही फण्यावर वार केला की सगळे फणे मिळून आग ओकायचे आणि आपलं पोरगं राख. भाऊजींनाही तो कधी जमला नव्हता. मी जितकी जोरात मारायचे तितका तो जास्त चवताळायचा, आणि आपण पुन्हा डुकरापाशी.

मग पंचमी आली. माझी पहिली पंचमी. पारनेरकडून माझा भाऊ मला न्यायला येणार होता. आदल्या दिवशी मी त्याच्यासाठी उपवास धरला, पिशवी भरून ठेवली, बांगड्यासुद्धा नव्या भरल्या. आणि सकाळी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, म्हैस आज-उद्या व्यायला झालीय, येता येत नाही. म्हशीपुढे बहिणीचा नंबर दुसरा लागला! आज हसू येतं. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. हे कारखान्यावर ड्युटीला गेलेले, मामंजी पारावर पत्ते खेळायला. घरात तुम्ही आणि मी. आता इथे आपलं कोण, असं मला फार वाटलं, आत्याबाई.

सणामुळे कामही काही नव्हतं. चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडून झाली, नागोबाला लाह्या-दूध दाखवून झालं. तुम्ही माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, नुसतं बसून काय करायचं, ते पोरगं लाव. मी रुसक्या आवाजात विचारलं, आज डुकराला मारलेलं चालतं का? तुम्ही म्हणालात, डुकराचा सण नसतो.

त्या दिवशी लाइट गेलीच नाही, हा एक चमत्कारच. डुक्कर झालं, जावा झाल्या, दगडाचा माणूस झाला. कधी नव्हे तो पोराचा जीव शाबूत ठेवून आपण नागापुढे आलो. मी तलवारीचं बटण दाबणार तेवढ्यात तुम्ही कोपराने माझा हात दाबलात.

"बटनावरचं बोट काढ."

"का?"

"सनाचा दिस हाय. आज त्याला हात लावायचा न्हाई."

मी म्हटलं, अहो टीव्हीतला आहे तो. तर तुम्ही म्हणालात, नाग तो नाग, टीव्हीतला असो नाहीतर बांधावरचा. मला इतका राग आला! एक तर भाऊ नाही आला, आणि त्यात हे. पण बोट काढलं. म्हटलं, मरू दे पोराला, माझं काय जातंय.

तुम्ही मात्र त्याला मरू देईनात. इकडचा फणा आला की तिकडे सरकायचं, तिकडचा आला की इकडे. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ते पळणं मी नीट बघत बसले. मारायचं नसल्यामुळे मला दुसरं कामच नव्हतं. तुम्ही "उड" म्हटलं की उडायचं, बास. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग त्या नागाने एकेक फणा खाली ठेवला, वेटोळं घातलं आणि डोळे मिटले. हे आपण कधी बघितलंच नव्हतं, कारण आपण त्याला कधी दमूच दिलं नव्हतं.

तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "दमलं ग ते."

वेटोळ्यांच्या पायऱ्या झाल्या होत्या. एक वेटोळं तुम्ही चढवायचं, एक उडी मी मारायची. शेवटची उडी मी तुमच्या "उड"ची वाट बघून मारली. पोराने अलगद कपाळावरचा मणी उचलला, नाग जागासुद्धा झाला नाही, आणि दार उघडलं. आत खजिना नव्हता. एक घर होतं आणि दारात एक बाई दिवा घेऊन उभी. खाली कुठल्याशा परक्या लिपीतली अक्षरं सरकायला लागली. तुम्ही विचारलंत काय लिहिलंय. मला कुठलं वाचता येतंय! तुम्हीच म्हणालात, घरी आला म्हणत असेल.

मग तुम्ही उठलात, माझ्या हाताला धरलंत आणि गल्लीतल्या लिंबाच्या झोक्यापाशी मला घेऊन गेलात. तिथे सगळ्या माहेरवाशिणी. कोणीतरी विचारलंच, हिचा भाऊ नाही का आला? माझी मान खाली गेली. तुम्ही फळी माझ्यासमोर धरलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हिचं म्हायेर हितंच हाय. आन् आज हिनं नाग न मारता मनी आनलाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या! त्यांना काय कळणार? पण मला कळलं. तुम्ही मागून झोका दिलात, तसा तो माझ्या आईनंतर कोणी दिला नव्हता.

पुढे पोळ्याला भाऊजी आले. आम्ही नागाला हरवलं म्हटल्यावर त्यांनी हसण्यावारी नेलं, म्हणे तुम्ही दोघींनी स्वप्न पाहिलं. कसं हरवलं ते मी सांगायला गेले तर तुम्ही डोळ्यांनी दटावलंत. आपल्यापुरतंच राहू दे, म्हणालात नंतर. ते बिचारे अजून त्या नागाला मारतच आहेत. गेल्या आठवड्यातसुद्धा राख झाले!

तुम्ही गेल्यापासून ही गोष्ट जगात मी एकटीच जाणते. आणि खरं सांगू? हे लिहायला बसले तेव्हा रेखाशी काय बोलावं ते मला खरंच सुचत नव्हतं. गेले तीन महिने मी तिच्यावर चहाचे, जेवणाचे, चौकशीचे वार करत सुटले होते. आता तुमचं ते सरकत राहणं आठवलं. दमू द्यावं माणसाला. आपण नुसतं जवळ बसावं.

तर आत्याबाई, शब्द देते. उद्या दिंडं उकडून झाली की मी टीव्ही गेमचा डबा काढीन, कॅसेटला तुमच्यासारखी फुंकर मारीन आणि रेखाला हाक मारीन. बाण माझ्याकडे घेईन, बटणं तिला देईन. डुक्कर, जावा, दगडाचा माणूस, तिच्या हाताने होऊ देत, कितीदा मेलो तरी चालेल. नागापाशी आलो की तिला सांगेन, बटणावरचं बोट काढ. आणि मग झोक्यापाशी तिची फळी मी धरीन. गल्लीतल्या बायकांना काय सांगायचं ते मला पाठ आहे.

उजवीकडून डावीकडे सरकलेली,
तुमची मंगल