तळ्यापलीकडची माणसं

१२ सप्टेंबर २००७, बुधवार

ट्रॉयहून पाच तास ड्राइव्ह करून पोचलो. उत्तर मिशिगनमध्ये नुसती झाडंच असतात अशी माझी समजूत होती, पण इथे झाडांच्या आत अख्खा राजवाडा दडलाय. तळ्याकाठी भलंमोठं लाकडी लॉज, आणि मला बोटहाऊसच्या माळ्यावरची खोली. जगातली बडी धेंडं इथे चार दिवस बंद दाराआड बसणार आहेत. बँकवाले, तेलवाले, माजी मंत्री. नावं आम्हाला कळायची नाहीत. मी फोन आणि नेटवर्क लावायचं आणि पाहुणे निघाले की सगळं उपटून न्यायचं, एक तारही मागे ठेवायची नाही. मोबाइल गेटच्या केबिनमध्येच काढून घेतले. त्याआधी घरी कळवलं. सोमवारपर्यंत नवऱ्याचा फोन येणार नाही हे ऐकून हिमानी जरा जास्तच खूश वाटली.

खरी लॉटरी म्हणजे किचनमध्ये सरलाकाकू निघाल्या! ट्रॉयच्या मंडळात काकूंच्या हातचं न जेवलेला माणूस सापडायचा नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी त्यांना बोलावलंय. शनिवारी चतुर्थी, म्हणून बॅगेत वीतभर गणपती घेऊन आल्यात. शाडूचा आहे, प्लास्टरचा नव्हे, पाण्यात तासाभरात विरघळतो, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. म्हणजे आम्हा नागपूरकरांना जंगलातही मोदक!

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पाहुणे आले. त्यांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायला गेलो, तर दोन म्हातारे खिडकीजवळची खुर्ची कुणाची यावरून तावातावाने भांडत होते. जग हेच चालवत असतील तर कठीण आहे.

तळ्यापलीकडे शे-दीडशे माणसं तंबू ठोकून आमच्यावर दुर्बिणी आणि कॅमेरे रोखून बसलीयत. गेटवरचा वॉल्ट, साठीतला गप्पिष्ट माणूस, सांगत होता की मीटिंग जिथे असेल तिथे ही मंडळी येतात. आत मुलांचे बळी देतात, अशी त्यांची खात्री आहे. मी खो खो हसलो.

दुपारी त्यांनी भाजीचा ट्रक अडवला. ड्रायव्हरला खाली ओढून लाथांनी त्याचा जबडा फोडला. ट्रकमध्ये कोंडलेली मुलं शोधत होते, निघालं पनीर आणि कोथिंबीर. वॉल्ट सोडवायला गेला तर दगडाने त्याची भुवई फाटली. काकूंनी त्यात हळद दाबली. त्यानंतर मला हसू आलेलं नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

दीड दिवस संपला. काकूंना बादलीत विसर्जन करायचं होतं. मीच म्हटलं, काकू, समोर एवढं तळं असताना बादली कसली यार!

काकू लाल नऊवारी नेसल्या. पाऊस भुरभुरत होता, म्हणून मूर्ती लाल कापडात गुंडाळून त्यांनी छातीशी धरली. मी टाळ्या वाजवत बेसूर आरती म्हटली. कमरेइतक्या पाण्यात जाऊन काकूंनी मूर्ती दोनदा बुडवून वर काढली, तिसऱ्यांदा सोडून दिली, आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं.

पलीकडे एक बाई किंचाळली. ती इतका वेळ आमच्याकडेच बघत असावी. आम्ही दोघांनी हात हलवला.

१७ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

पाहुणे नाश्ता अर्धा टाकून हेलिकॉप्टरने गेले. सगळी सिक्युरिटी त्यांच्याबरोबर. सुपरवायझरने जाता जाता बजावलं, लाइन्स लगेच काढ. मी निमूट काढल्या. फोनसुद्धा.

मग वॉल्ट धापा टाकत आला, पोलिसांना फोन लाव म्हणाला. त्याच्या ट्रकच्या रेडिओवर सकाळपासून एकच विषय चाललाय. कालचे फोटो इंटरनेटवर आहेत. लाल साडीतली बाई लाल दुपट्यातलं बाळ तीनदा पाण्यात बुडवतेय. शेजारी टाळ्या वाजवणारा मी.

पुन्हा फोन जोडायला निदान तासभर लागेल.

दुपार

गेट तोडलं. केबिन जाळली, मोबाइल आतच होते. वॉल्ट मध्ये उभा राहिला, त्याच्या पोटात गोळी घातली. तो बराच वेळ ओरडत होता. आता नाही.

मूर्ती दाखवली तर पटेल, म्हणून तळ्यात उतरलो. हाताला नुसता गाळ लागला. आणि लाल कापड. वर बघतो तर ते काठावर. कापड माझ्या हातात.

ते टाकलं आणि झाडांआडून बोटहाऊसमध्ये पळालो. काकू माझ्या आधीच इथे होत्या. मांडीवर मोदकांचा डबा—

थोड्या वेळाने

काकू बाहेर गेल्या. मी हात धरला होता, त्यांनी सोडवला. म्हणाल्या, अरे निमिष, त्यांना वाटतंय लेकरू बुडालं, म्हणून चिडलेत ते. मी नीट सांगते. गणपती काय असतो ते सांगते.

फटीतून पाहिलं. डबा उघडून पुढे धरला होता. एकाने वल्हं घातलं डोक्यात. मग दुसऱ्याने. खाली पडल्यावरही—

बादलीच बरी होती. काकू, बादलीच—

लॉज पेटलंय. धूर इथे येतोय. ते पाण्यात उतरून शोधतायत. एक धिप्पाड माणूस लाल कापड चेहऱ्याशी धरून रडतोय. खरंखुरं रडतोय. त्याच्या शर्टावर काकूंचं रक्त—

मलाही रडू आवरत नाही. तोंडात बाही कोंबलीय तरी—

ऐकलं त्याने. सगळ्यांना गप्प केलं. दाराशी आलाय. किती हळू बोलतोय. रडू नकोस बाळा, म्हणतोय. आम्ही आलोय. तुला घरी न्यायला—

कुलपावर घाव. इथे बाळ नाही. दार उघडलं की त्यांना मी—