तापीकाठचा बीच आणि गावाचा जावई

२ जानेवारी
नवं वर्ष, नवा भूपेश. पेपरात वाचलं, अहमदाबादला कॉमनवेल्थचे खेळ येणार. खेळ आले की पर्यटक येतात, पर्यटकांना बीच लागतो, बीचवर थोडी संस्कृती लागते. आमच्या गावाला तापीची वाळू आहे. म्हणजे झालंच: 'नंदुरबार बीच कबड्डी महोत्सव'. स्वप्नालीने विचारलं, "आठे समुद्र कोठे शे?" बायको म्हणून ठीक आहे, पण व्हिजन शून्य.

१० जानेवारी
सांस्कृतिक विभाग. डोंगरातल्या काठी गावी जाऊन तिथल्या नाचणाऱ्यांच्या म्होरक्याला, गोवालला भेटलो. म्हटलं, तुमच्या होळीचे नाचणारे फेब्रुवारीत आमच्या वाळूवर आणा, टी-शर्ट देतो. तो म्हणाला, त्याला नवस लागतो, आधी नियम पाळावे लागतात, खाटेवर बसतासुद्धा येत नाही. होळीलाच होतं, तेव्हा पाहुणे म्हणून या. चहा पाजला. माणूस चांगला, मार्केटिंग कळत नाही.

१८ जानेवारी
आमची काजल कबड्डीत राज्य संघाच्या निवड चाचणीला जाणार. २२ फेब्रुवारी, पुणे. पोरगी माझ्यावर गेली आहे. मीही शाळेत कबड्डी बघायचो. लगेच महोत्सवात तिचा सामना ठेवला. स्वप्नाली म्हणाली, चाचणीआधी पोरीला वाळूत उतरवलंत तर तंगडं मोडीन. कोणाचं ते विचारलं नाही. तडजोड: काजल फक्त झेंडा धरेल.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी
समोरच्या काठावरच्या गावाचा संघ आला. कप्तान नवनीत, माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे सगळ्या गावाचा जावई. तो चढाईला आला की आमची पोरं बाजूला सरकायची. जावयाचा पाय धरून ओढायचा कसा? तो खुशाल एकेकाला शिवून जायचा. पर्यटनाच्या दृष्टीने फार वाईट. शेवटी मी माइकवरून सांगितलं, नातं विसरा, पाडा.

पोरं विसरली. लग्नातला मानपानाचा राग होता, तोही काढला. नवनीतचे पुढचे दात गेले. तिकडचे लोक टरबुजाच्या वाडीच्या काठ्या उपटून धावले. आमच्या संघातल्या चुडामणचं डोकं फुटलं. त्याने फोडणाऱ्याचा कान चावला, सोडेचना. माझी बहीण दिपाली नावेचं वल्हं घेऊन माहेर आणि सासर दोघांना सारखंच बडवत होती. वाळूवर रक्तच रक्त. मी काजलच्या हातातला झेंडा ओढला आणि शांततेसाठी डोळे मिटून बांबू गरगर फिरवला. लागला कोणाला तरी. डोळे उघडले तर काजल खाली बसलेली, मनगट धरून.

९ फेब्रुवारी
चिंचपाड्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. हाड दोन ठिकाणी मोडलंय, चाचणी गेली. हे नवनीतच्याच माणसांचं काम. आज तक्रार दिली. बाकी महोत्सवाचा व्हिडिओ पार खापर गावापर्यंत पोचलाय, ही जमेची बाजू.

११ फेब्रुवारी
हवालदार घरी आले. कोणी मारलं विचारल्यावर काजल म्हणाली, "मी वाळूमा पडनू." मी तिला आत नेऊन समजावलं, घाबरू नको, नवनीतचं नाव घे. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मन्हा डोया उघडा व्हतात." डोळे तर मी मिटले होते.
तक्रार मागे घेतली.

२२ फेब्रुवारी
आज चाचणी. काजल घरीच. तिच्या मैत्रिणी पुण्याला गेल्या. माझ्याच पोरीला मी मारलं. दुपारी तिला भरवायला बसलो. घास घेऊन हात पुढे केला, तशी ती झटकन मागे सरकली. मग हसली. म्हणाली, काही नाही पप्पा.
घास मात्र तिने आईच्या हातून घेतला.